बस हवी, थांबा नको

आमच्या शहराचे नाव मी सांगणार नाही. शहर सांगितले की वसाहत ओळखता येईल, वसाहत ओळखली की सोसायटी, आणि मग या दिवाळीत माझ्याकडे फराळाला कुत्रेही फिरकायचे नाही. इतकेच सांगतो की शहर मोठे आहे, वसाहत टेकडीच्या उतारावर आहे, आणि ती वसल्यापासून बावीस वर्षे तिला बस नव्हती. बस खाली हमरस्त्यावर थांबे. तिथून आमच्या इमारतीपर्यंत सव्वा किलोमीटरचा चढ. ज्याच्या बुडाखाली स्कूटर आहे त्याला तो चढ आहे हे कळतसुद्धा नाही. मला कळले नव्हते.

गेल्या वर्षी ऐन श्रावणात सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला. वसाहतीसाठी छोट्या बसचा नवा मार्ग सुरू करण्याचे ठरत आहे. मार्ग आणि थांबे यांबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. बुधवारी सकाळी अकरा वाजता सभा. मी सोसायटीचा चिटणीस. सभेला खुर्च्या मांडणे, चहा सांगणे आणि शेवटी आभार मानणे ही तिन्ही कामे माझ्याकडे. 'हरकती व सूचना' या जोडशब्दाची मला फार दिवसांची गंमत वाटते. त्यात हरकत नेहमी पुढच्या बाकावर बसलेली असते.

सभेला तीस-बत्तीस माणसे जमली. बहुतेक निवृत्त, बहुतेक पुरुष, आणि खाली आवारात उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तर माणशी एकाहून अधिकच भरल्या असत्या. बसच्या कचेरीतून एक तरुण इंजिनियर आला होता. काखेत नकाशाची सुरळी, पायांत चिखलाने भरलेले बूट. तो चढ चालत आला होता, ही गोष्ट मी तेव्हा पाहिली पण मनात घेतली नाही. त्याने भिंतीवर नकाशा लावला. लाल रेघ खालच्या चौकातून वर येत होती, आमच्यासमोरून जात होती आणि वळसा घेऊन पुन्हा चौकात उतरत होती. रेघेवर नऊ ठिपके. चौथा ठिपका आमच्या फाटकासमोरच्या करंजाच्या झाडाखाली.

"बस आलीच पाहिजे" हा ठराव दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. टाळ्याही पडल्या. मग इंजिनियरने ठिपके एकेक करून वाचायला सुरुवात केली, आणि एकमत संपले.

पहिला ठिपका डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर येत होता. रुग्णांच्या गाड्या कुठे लावायच्या? दुसरा एका बंगल्याच्या कुंपणापाशी. उभे राहणारे लोक कुंपणाला टेकतात आणि पानाच्या पिचकाऱ्या मारतात. तिसऱ्याला वास्तुशास्त्र आडवे आले. चौथ्यावर आमच्या इमारतीतले निवृत्त न्यायाधीश उभे राहिले. त्यांना आम्ही सगळे अप्पासाहेब म्हणतो. अप्पासाहेब म्हणाले, "बससेवेला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु थांबा निवासी फाटकासमोर असणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट नाही. कोण कुठला माणूस तिथं अर्धा अर्धा तास उभा राहील, हे आपल्याला सांगता येत नाही."

"साहेब, बस बारा मिनिटांनी आहे," इंजिनियर म्हणाला.

"तुमची बस वेळेवर येईल हे गृहीत धरून आम्ही इथं राहायला आलेलो नाही," अप्पासाहेब म्हणाले, आणि सभागृह हसले. मीही हसलो.

त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज मी लिहिला. वाचकहो, तीस वर्षे लेखणी चालवलेल्या माणसाने लिहिलेला अर्ज होता तो! 'वसाहतीचे शांत व सुसंस्कृत वातावरण', 'महिला व बालकांची सुरक्षितता', 'अनोळखी व्यक्तींचा अनिर्बंध वावर' असले शब्द त्यात मी असे बसवले होते की कचेरीतल्या माणसाने नाही म्हणण्याची सोयच ठेवली नव्हती. दोन दिवसांत एक्केचाळीस घरांच्या सह्या गोळा केल्या. तळमजल्यावर माई राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी चष्मा शोधला, तो सापडला नाही, आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय ना? मग ठीकच असेल." त्यांनी सही केली. वर विचारले, "बस दारातच थांबणार म्हणे? म्हणजे मला बहिणीकडे जाता येईल हो."

मी म्हणालो, "बघू, बघू." मला आणखी सात घरे करायची होती.

अर्ज मान्य झाला. चौथा थांबा आमच्या फाटकापासून तीनशे पावले खाली, वळणावर, नाल्याच्या पुलाजवळ गेला. दसऱ्याच्या सुमारास बस सुरू झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, अप्पासाहेबांनी फीत कापली. त्या दिवशी बसमध्ये बसून आम्ही सगळे एक फेरी मारून आलो. आमच्यापैकी बहुतेकांचा त्या बसमधला तो पहिला आणि शेवटचा प्रवास.

दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दारात उभ्या. त्यांची कामाची वेळ सकाळची, म्हणून मला आश्चर्य वाटले. त्या म्हणाल्या, "दादा, जरा खाली या. माईंना घेऊन आलेय."

माई बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना उतार होता, तेव्हा निभावले. येताना पुलापाशी उतरल्या, पन्नास पावले चढल्या आणि गुडघ्याने संप केला. नाल्याच्या कठड्यावर पाऊण तास बसून होत्या. अंधार पडलेला, तिथला दिवा बंद, शेजारून गाड्या जात होत्या. त्यातल्या काही आमच्याच इमारतीच्या असणार, कारण वर येणारा तो एकच रस्ता आहे. कठड्यावर बसलेली म्हातारी म्हणजे 'अनोळखी व्यक्ती'. तिच्यासाठी कोण थांबतो? मावशी दुसऱ्या कामावरून उतरत होत्या, त्यांनी ओळखले आणि हात धरून, चार ठिकाणी बसवत, वर आणले.

माई मला काही बोलल्या नाहीत. मावशी बोलल्या. "दादा, थांबा तिथं वळणावर कुणी नेला हो? त्याला काही अक्कल?"

आता काय सांगायचे? मी म्हणालो, "सभा झाली होती मावशी. लोकांना विचारून ठरलं."

"कधी?"

"श्रावणात. बुधवारी, अकरा वाजता. खालीच, हॉलमध्ये."

"अकराला मी तुमच्या पोळ्या करत होते," मावशी म्हणाल्या.

त्यात राग नव्हता. वेळ जुळत नव्हती एवढेच त्यांना सांगायचे होते. पण त्या रात्री चकलीचा तुकडा माझ्या घशाखाली उतरेना. माझ्या डोक्यावर दोन मजले, माझ्याच स्वयंपाकघरात, त्या मार्गावरचा रोजचा प्रवासी उभा होता आणि मी खाली लोकांचे मत घेत होतो!

सौ.ने तेव्हा आणखी एक गोष्ट ऐकवली, जी तिला ठाऊक होती आणि मला नव्हती. मावशी आणि त्यांच्यासारख्या पंधरा-वीस बायका पहाटे साडेपाचला खालच्या वस्तीतून निघतात आणि सहा-सव्वासहाला वर पोचतात, तो सगळा चढ चालत. आमची नवी बस सकाळी साडेसातला सुरू होई. कागदावरचा हिशेब असा की सकाळी माणसे खाली नोकरीला जातात आणि संध्याकाळी वर येतात. आमच्यासारख्यांचे ते खरेच आहे. पण सकाळी वर येणारी माणसे कोणाच्या हिशेबात नव्हती, आणि बसची खरी गरज त्यांनाच होती. आम्ही तर स्कूटरवरून उतरत होतो.

हे आमच्याच वसाहतीचे वेडेपण आहे असे मात्र नाही. देशात मेट्रो बांधण्यासाठी १९७८ साली एक कायदा झाला. मार्गाची अधिसूचना निघाली की ज्याचा त्या जमिनीशी वा इमारतीशी हितसंबंध आहे त्याला एकवीस दिवसांत हरकत घेता येते. योग्यच आहे, ज्याचे घर जाणार त्याला विचारलेच पाहिजे. पण त्या गाडीत जो रोज उभा राहून जाणार, त्याची जमीनही नाही आणि इमारतही नाही. त्याने कोणत्या रकान्यात सही करायची? दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद अशी सहा किलोमीटरांना थोडी कमी, बससाठी राखलेली मार्गिका झाली. तिच्यात दोष होते. पण ओरड झाली ती मुख्यतः मोटारवाल्यांची. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने २०१२ साली ती मार्गिका बंद करण्याची मागणी फेटाळली, आणि तरीही २०१६ साली ती उखडून टाकण्यात आली. बसमध्ये दाटीने उभे असणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटत होते ते मोटारीच्या काचेतून ऐकू येण्यासारखे नव्हते.

माझा भाचा नोकरीसाठी जपानात आहे. दिवाळीला फोन आला तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली, अर्थात अर्ज कोणी लिहिला ते गाळून. तो म्हणाला, "मामा, मी राहतो तिथून जवळच मुसाशिनो म्हणून गाव आहे, टोकियोला पश्चिमेकडून लागून. तिथं 'मूबस' नावाची छोटी बस आहे. तिची गोष्ट ऐक." एका वृद्ध बाईने नगरपालिकेला पत्र लिहिले होते की बाहेर पडावेसे वाटते, पण बस गाठणे झेपत नाही. पालिकेने ते पत्र फायलीला लावले नाही. १९९१ साली समिती नेमली आणि म्हाताऱ्या माणसांनाच गाठून विचारले: घराबाहेर का पडत नाही? न थांबता किती चालवते? पायरी किती उंच असली तर चढवते? मोठी बस जिथे शिरत नाही अशा अरुंद गल्ल्यांतून छोटी गाडी न्यायचे ठरले, आणि थांबे साधारण दर दोनशे मीटरांवर ठेवले. नोव्हेंबर १९९५ मध्ये पहिला मार्ग किचिजोजी स्टेशनाच्या आसपास सुरू झाला. तेव्हा भाडे सरसकट शंभर येन होते. पुढे जपानातल्या कितीतरी गावांनी तशा बसगाड्या काढल्या.

मला त्यातली नेमकी एक गोष्ट टोचली. त्यांनी 'मार्ग कुठून न्यावा' असे विचारले नव्हते. 'तुम्हाला किती चालवते' असे विचारले होते. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला नकाशा कळावा लागतो, दुसऱ्याला फक्त पाय असावे लागतात. आणि आमच्या सभेत पायांचा विषय कुणी काढला नव्हता, चिखलाचे बूट घालून आलेल्या त्या पोराने सोडला तर.

त्या पोराला मी जाऊन भेटलो. अर्ज मीच लिहिला होता, हे त्याला आधी सांगितले. तो म्हणाला, "चांगला लिहिला होता साहेब. आमच्या साहेबांनी दोनदा वाचला." याहून मोठी शिक्षा त्याने केली नाही. दुसरी सभा घ्यायची असेल तर कचेरीच्या वेळेबाहेर येतो, म्हणाला; पण वेळ कोणती, ते आपण ठरवू नये.

वेळ मावशींनी ठरवली. रविवारी दुपारी तीन, वस्तीतल्या मारुतीच्या पारावर. तेव्हा दुपारची भांडी झालेली असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. चाळीसएक बायका आल्या, काही पोरे, दोन म्हातारे, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून चौकातले शेअर रिक्षावाले.

इंजिनियरने नकाशा पसरला. बायका वाकल्या, पाहिले, आणि गप्प बसल्या. एकीने तो उलटा धरून पाहिला. पाच मिनिटे तशीच गेली. मग एक म्हातारी म्हणाली, "कागदात काय बघायचं? चला की, दाखवतो." आणि सगळी सभा उठून चालायला लागली.

तो चढ मी आयुष्यात पहिल्यांदा पायी चढलो. बायका जिथे दम खायला थांबत होत्या, तिथे तिथे इंजिनियर रस्त्यावर खडूने फुली मारत होता. त्याला काही विचारावे लागले नाही. दारूच्या दुकानासमोर तिसऱ्या थांब्याचा खांब होता. तिथून सगळ्या जणी रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या. का, ते एकीनेही सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. पुढे पिठाच्या गिरणीच्या दिव्याखाली फुली पडली. पुलावर एकही बाई थांबली नाही. तिथे वळणावरची गाडी अंगावर येते. शेवटची फुली पडली ती, तुम्ही ओळखले असेल, आमच्या फाटकासमोर करंजाच्या झाडाखाली. तिथे सावली आहे आणि तिथे चढ जरा सपाट होतो.

मागण्या बऱ्याच निघाल्या. पहिली गाडी सहाच्या आसपास हवी. एका बाईला दिवसात तीन-चार घरे करायची असतात, खाली-वर, मध्ये पोराला शाळेतून आणायचे. प्रत्येक वेळी तिकीट काढले तर घरी न्यायला काय उरणार? म्हणून दिवसभराचे एकच तिकीट हवे. मुलींच्या शाळेवरून गाडी वळवा, अशीही मागणी होती. त्यावर इंजिनियरने खिशातून टेप काढली, शाळेच्या गल्लीचे तोंड सगळ्यांसमोर मोजले, आणि सांगितले की छोटी असली तरी गाडी इथे वळत नाही; हे होणार नाही. बायकांनी स्वतः टेप धरली होती. कोणी वाद घातला नाही. आमच्या हॉलमध्ये तीच गोष्ट सांगितली असती तर तीन पोटसमित्या झाल्या असत्या.

रिक्षावाल्यांचे काही जमले नाही. त्यातला एक म्हणाला, "बस आली ते चांगलंच झालं, माझी आई पण बसते तिच्यात. पण माझ्या सकाळच्या चार फेऱ्या गेल्या, त्या मी कुणाच्या अर्जात घालू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, इंजिनियरकडेही नव्हते. त्याने वहीत लिहून घेतले. अजून ते वहीतच आहे.

मग मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी शब्द बसवत बसलो नाही. आमची आधीची हरकत आम्ही मागे घेत आहोत, एवढेच लिहिले. सह्या गोळा करायला निघालो तेव्हा पहिल्या अर्जाची खरी किंमत कळली. एक्केचाळीसांतल्या सतरा जणांनी सही केली. बाकीच्यांनी मला चहा दिला, चिवडा दिला आणि सही दिली नाही. अप्पासाहेब म्हणाले, "एका प्रकरणात दोन्ही बाजूंनी उभा राहणारा वकील मी तुमच्या रूपाने प्रथमच पाहतो आहे." सर्वसाधारण सभेत माझ्याकडून चिटणीसपद काढून घेण्याची सूचनाही आली. ती बारगळली, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होते.

माईंकडे गेलो तेव्हा त्यांचा चष्मा नाकावर होता. तरी कागद त्यांनी माझ्याकडे परत केला. म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा." मी उभ्याने, अक्षर न गाळता, वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "यात बाकाचं काही नाही. गुडघे असलेल्या माणसाला उभं राहायला लावता होय? लिहा, पाठ टेकायचं बाक हवं." मी लिहिले. मग त्यांनी सही केली.

पहिली गाडी आता सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि मावशी सांगतात की तिच्यात उभे राहायला जागा नसते. दिवसभराच्या तिकिटाचा कागद वरच्या कचेरीत गेला आहे. दारूच्या दुकानासमोरचा खांब गिरणीपाशी आला. आमच्या फाटकासमोर जूनमध्ये एक डांबराचे जुने पिंप आणून ठेवले, त्यात सिमेंट ओतून मधोमध पाइप रोवला आणि वर 'बस थांबा' अशी पाटी लावली. अप्पासाहेब त्याला 'तुमचं पिंप' म्हणतात.

बाक अजून आलेले नाही. मी तीनदा अर्ज केला आहे. तोवर माई घरातली प्लास्टिकची खुर्ची हातात धरून, काठीसारखी टेकत टेकत, फाटकाबाहेर नेतात आणि करंजाखाली बसतात. बस आली की खुर्ची तिथेच सोडून चढतात. आमचा रखवालदार ती आत आणून ठेवतो, आणि संध्याकाळच्या बसला पुन्हा बाहेर काढून ठेवतो.